ओढ्याकाठचं बीळ

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या बांधात, कोल्ह्यांचं एक बीळ होतं आणि ते माझ्या थोरल्या बहिणीच्या राखणीत होतं. राखण म्हणजे ती काठी घेऊन बसायची असं नाही. बांधाच्या तेवढ्या पट्ट्यात ती कुणाला गवत कापू द्यायची नाही. उसाचं पाचट पेटवायच्या दिवसांत जाळ तिथंवर पोचू नये म्हणून स्वतः खोरं घेऊन माती ओढायची. शेळ्या घेऊन येणाऱ्या बायकांना लांबूनच ओरडायची, "तिकडं नगं गं बायांनो, तितं लेकुरवाळी हाय!"

बायका हसायच्या. पण वळायच्या.

नेसरीपासून थोडं आत आमचं गाव. आम्ही जैन, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. नांगर धरण्याआधी वडील वाकून मातीला हात लावायचे. नांगरताना जे जीव मरतात त्यांची माफी मागायची, पण मुद्दाम एक मुंगीसुद्धा मारायची नाही, असं ते सांगायचे. त्यांचं हे सांगणं मी ऐकलं आणि आक्कानं पाळलं. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा गेला, तेव्हा ती माहेरी आली आणि पुढं कायमची शेतातल्या घरात राहिली. आमची आई सीमेपलीकडची, कानडी मुलखातली, म्हणून आक्का मला 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल.

मी वारणानगरला साखर कारखान्यात एकतीस वर्षं वायरमन होतो. मोटरी, स्टार्टर, पॅनेल यांत आयुष्य गेलं. या काळात शेत आक्कानं सांभाळलं, रोजगारी बायकांना हाताशी धरून. निवृत्त झाल्यावर मी गावी परतलो. बायकोचे गुडघे गेलेले, तिला शेतातली चढण जमेना, म्हणून ती गावातल्या घरात राहिली आणि मी बहुतेक वेळ शेतात, आक्काजवळ.

आक्का सूर्य मावळायच्या आत जेवायची. जेवून झालं की दारातल्या दगडावर बसायची, ओढ्याकडं तोंड करून. थोड्या वेळानं कोल्हा बांधावर यायचा. पुढचे पाय ताणून आळस द्यायचा, मागच्या पायानं कान खाजवायचा, जसं काही हे रान त्याच्या नावावर आहे. मग मागून कोल्हीण यायची. ती अंगानं बारीक, तिच्या एका कानाला खाच होती. दोघं आमच्याकडं बघायची, आम्ही त्यांच्याकडं. तीस-चाळीस पावलांचं अंतर त्यांनी कधी ओलांडलं नाही आणि आक्कानंही नाही.

एकदा मी विचारलं, "एवढा जीव लावतेस, तर भाकरीचा तुकडा का टाकत नाहीस?"

"टाकलं की ती आपली हुत्यात," ती म्हणाली. "आपली झाली की माणसाला भीत न्हाईत. मग कुणीतरी मारतंय त्यास्नी. लांब हाईत तवर जित्ती हाईत."

कोल्हे कधी मक्याचं कणीस मोडायचे, कधी शेंगा उकरायचे, कधी वस्तीवरची एखादी कोंबडी न्यायचे. पण उसातले उंदीर आणि घुशी त्यांनीच आटोक्यात ठेवल्या होत्या, हे आक्का जाणून होती. मला तेव्हा तसं वाटायचं नाही. उंदीर काय, औषधानं मरतात.

मग डुकरं आली. रानडुकरं आधी नव्हतीच असं नाही, पण एखाद-दुसरं यायचं, कुत्री भुंकली की पळायचं. गेल्या काही वर्षांत ती कळपानं यायला लागली. उसाचे फड डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेत. डुकरांना लपायला बारा महिने घर मिळालंय. पलीकडच्या गावात तर भरदुपारी गवा आला होता. तो बिचारा एका घराच्या परड्यात उभा, तोंडातून फेस गळतोय, आणि चारी बाजूंनी माणसं मोबाईल धरून उभी. मीही त्यात होतो. गवा थरथरत होता हे मी बघितलं आणि तरी फोन खाली घेतला नाही.

त्या साली उन्हाळी भुईमूग लावला होता, आणि वरच्या अंगाला मका. एका सकाळी गेलो तर भुईमुगाचा अर्धा तुकडा नांगरल्यासारखा उलथलेला. शेंगा नुकत्या भरत आलेल्या, अजून कोवळ्या. डुकरांनी खाल्ल्या त्याच्या तिप्पट तुडवल्या होत्या. आक्का वाफ्यात बसून उपटलेले वेल परत मातीत लावायला लागली. ते जगणार नाहीत हे तिला माहीत होतं. तरी ती दुपारपर्यंत लावत राहिली.

आम्ही सगळं करून बघितलं. जुन्या साड्या चारी बाजूंनी बांधल्या. न्हाव्याकडून केस आणून बांधावर पसरले. फिनेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या काठ्यांना लावल्या. मी कुत्र्यांचं भुंकणं मोबाईलवर भरून घेतलं आणि स्पीकर लावून ठेवला. चौथ्या दिवशी डुकरांनी स्पीकरच्या झाडाखालीच उकरलेलं होतं.

आमच्या बांधाला बांध लागून एकाचं शेत आहे. माझ्याच वयाचा, बोलायला मोकळा माणूस. तो म्हणाला, "अण्णा, साड्या कसल्या बांधताय? माझ्या रानात बघा की, एक डुक्कर पाय ठेवत न्हाई."

"काय केलंस?"

"तार वढली. डायरेक. तुम्ही तर वायरमन, तुमास्नी काय शिकवायचं?"

खरंच, मला काय शिकवायचं होतं? झटका मशीन नावाची गोष्ट असते. त्यातून जनावराला चटका बसतो, ते पळतं, मरत नाही. तिला परवानगी आहे. तिच्यासाठी मी अर्जही केला होता, यादीत नाव लागेपर्यंत थांबा म्हणाले होते. दुकानातून विकत आणता आली असती. मी आणली नाही. झटक्याला डुकरं सरावतात, असं शेजारी म्हणाला आणि मला ते पटवून घ्यायचं होतं. डुकरांवर माझा राग होता. आयुष्यभर वीज हातात खेळवलेला माणूस मी, आणि जनावरं मला दाद देत नव्हती. थेट लाईनची तार किती वाईट, तिनं काय होतं, हे माझ्याइतकं त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. कारखान्यात नवीन पोरांना मीच सांगायचो.

दुसऱ्या दिवशी मी शेताच्या चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या, बायंडिंगची तार ओढली, मोटरच्या पेटीतून जोड घेतला. आक्का उसातनं गवताचा भारा घेऊन आली आणि थांबली.

"कसली तार रं ही, तम्मा?"

"झटक्याची."

"त्यानं मरत न्हाई न्हवं जनावर?"

"नाही गं. नुसता चटका बसतो. पळून जातं."

तिनं मान हलवली आणि भारा घेऊन पुढं गेली. विजेचं काहीही असलं की ती माझ्यावर सोडायची. घरातला दिवा गेला तरी बटणाला हात न लावता मी येईपर्यंत अंधारात बसून राहायची. मी खोटं बोललो आणि मला त्याचं फार काही वाटलंही नाही. म्हातारीला उगाच कशाला घोर, एवढंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे, फटफटलं होतं तेव्हा, मी तोंड धूत होतो. ओढ्याकडून आक्काची हाक आली.

"तम्मा, इकडं ये."

ओरडून मारलेली हाक नव्हती. मी वळून बघितलं. ती खालच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या पायाशी, तारेवर, काहीतरी तांबूस पडलं होतं. आक्का वाकत होती. तिचा हात पुढं निघाला होता.

त्या दिवशी तिनं लवकर उठून तिकडं जावं, आणि तार चालू असावी, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. रोज मी तिच्याआधी बंद करायचो. त्या दिवशी विसरलो होतो.

"हात लावू नको!" मी किंचाळलो. "आक्का, हात लावू नको, मरशील!"

ती जागच्या जागी थांबली. मी पेटीकडं धावलो, स्विच पाडला, मग तिच्याकडं धावलो. पोचलो तेव्हा ती सरळ उभी राहून माझ्याकडं बघत होती.

"मरंन?" ती म्हणाली. "झटक्यानं मरंन मी?"



तारेवर कोल्हीण होती. कानाला खाच असलेली. पुढचा एक पाय काळा पडलेला, जबडा घट्ट मिटलेला, दातांत आपलीच जीभ. आक्का तिच्याजवळ मातीत बसली. या खेपेला मी अडवलं नाही. तिनं पोटावरून हात फिरवला आणि तो तिथंच थांबला.

"थानं भरल्यात हिची," ती म्हणाली. "दूध हाय."

मग ती णमोकार मंत्र पुटपुटायला लागली. माणूस जाताना म्हणतात तसा, हळू, एकेक शब्द. मला बसवेना आणि उभंही राहवेना. मी खोरं आणायला गेलो. चिंचेखाली खड्डा घेतला. कोल्हीण आक्कानं स्वतः उचलून आणली, पदरात.

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्यासमोर तार गुंडाळली, खुंट्या उपटल्या. संध्याकाळी म्हणालो, "आता परत नाही लावणार." ती ओढ्याकडं बघत बसली होती.

बिळात चार पिलं होती. महिन्याच्या वरची असतील. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तोंडाशी आली, एकमेकांच्या अंगावर चढली, परत आत गेली. आम्हाला वाटलं संपलं. पण संध्याकाळी कोल्हा आला. बांधावर आळस दिला नाही, कान खाजवला नाही, सरळ बिळाशी गेला आणि पोटातलं ओकून पिलांपुढं टाकलं. कोल्हे असंच करतात. शिकार पोटात भरून आणतात आणि पिलांपुढं बाहेर काढतात. पिलं तुटून पडली.

आक्कानं माझ्याकडं वळून बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"बाप गुणाचा हाय," ती म्हणाली. "वाढीवतोय की नीट."

"जगतील म्हणतेस?"

"आईचं पिऊन झालंय थोडंफार. आता खायला मिळालं तर जगतील."

तो रोज येत राहिला. कधी संध्याकाळी, कधी सकाळी उन्हं वर आल्यावरसुद्धा, माणसं रानात असताना. आधी कधी तो असा उजेडात फिरला नव्हता. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. आक्का मला सगळं सांगायची: आज दोनदा आला, आज घूस आणली, थोरलं पिलू धाकट्याला खाऊ देत न्हाई. मला वाटायला लागलं, की माझ्या हातून जे झालं ते हा मुका जीव निस्तरतोय. आठ-नऊ दिवस मी शांत झोपलो. त्या आठ-नऊ दिवसांएवढं बरं मला नंतर कधी वाटलेलं नाही.

मग डुकरांनी मका पाडला. एका रात्रीत, वरचा सगळा तुकडा. सकाळी शेजारी बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तार काढलीसा न्हवं?" एवढंच. त्यात टोमणा नव्हता, कीवच होती, आणि ती मला जास्त लागली.

उरलेला भुईमूग काढायला तीन आठवडे होते. मी मनाशी हिशोब केला: बीळ खाली आहे, ओढ्याकडं. कोल्हा ओढ्याच्या बाजूनंच येतो-जातो, आक्का रोज सांगते. डुकरं वरून येतात, डोंगराकडून. वरच्या कडेला तेवढी तार ओढली तर कोल्ह्याचा काही संबंध नाही. आक्काचे पाय वरच्या चढापर्यंत जात नाहीत. ती झोपल्यावर लावायची, ती उठायच्या आत गुंडाळायची. हा विचार मी आज लिहून बघतो तेव्हा त्यात एकही चूक दिसत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. इतका नीट विचार करून मी ते केलं.

पाचव्या पहाटे कोल्हा वरच्या कडेला पडला होता.

तो तिकडं का गेला, कोण जाणे. खालच्या रानातले उंदीर संपले असतील. चार तोंडं एकट्यानं भरायची तर लांब जावं लागणारच. त्याचं पोट टम्म होतं. पिलांसाठी भरून आणलेलं सगळं आत होतं.

मी तार गुंडाळली. त्याला करंजाखाली पुरलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले, दगडांवर पाला टाकला. हात धुतले, परत धुतले, घरी आलो. आक्कानं चहा ठेवला होता.

"लौकर उठलास?"

"पाण्याची पाळी होती."

तिनं कप पुढं केला. मी चहा प्यालो.

त्या संध्याकाळी ती दगडावर बसली. उजेड गेला तरी बसून होती. आत आली तेव्हा म्हणाली, "आज आला न्हाई."

"येईल," मी म्हणालो.

दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "दोन दिस झाले रं. असं करत न्हाई तो."

"लांब गेला असेल. येईल की."

मी हे तिच्या तोंडाकडं बघत म्हणालो. तिला सांगता आलं असतं. तेव्हाच सांगितलं असतं तर पिलांसाठी वेळेवर काही करता आलं असतं, कुणाला तरी बोलावता आलं असतं. ती बापाची वाट बघत राहिली म्हणून तिनं पिलांना हात लावला नाही. माणसाचा वास लागला तर बाप टाकून देईल, अशी तिची भीती. वाट बघायला मी लावली.

तिसऱ्या दिवशी पिलं भरदिवसा बिळाबाहेर येऊन केकाटायला लागली. तो आवाज घरापर्यंत यायचा. आक्का बोगणीत दूध घेऊन गेली, बिळापाशी ठेवून लांब बसली. पिलं आत पळाली. दुधावर मुंग्या आल्या. संध्याकाळी तिनं बोगणी परत आणली, मुंग्या एकेक करून काठावर काढल्या आणि दूध झाडाला ओतलं.

चौथ्या दिवशी वस्तीवरची कुत्री आली. आक्का धावली, पण सत्तरी पार केलेली बाई किती धावणार? एक पिलू त्यांनी ओढ्यापलीकडं नेलं. दोन बिळातच मेली. ते आम्हाला वासावरून कळलं. शेवटचं आपल्या पायांनी बाहेर आलं आणि उन्हात आडवं झालं. आक्कानं हात लावला तरी ते हललं नाही. तिनं त्याला पाटीत आपल्या जुन्या लुगड्याच्या घडीवर ठेवलं, कापसाच्या वातीनं तोंडात दूध सोडायला लागली आणि मला म्हणाली, "त्या वनखात्याच्या माणसास्नी फोन लाव."

मी लावला. दुपारी मोटरसायकलवरून वनरक्षक आली, तिशीतली एक मुलगी. तिनं पाटीत बघितलं, पिलाचे डोळे, हिरड्या बघितल्या. हात सराईत होते आणि हळुवारही. मग वहीत लिहिता लिहिता विचारलं, "आई कशानं गेली?"

"कुत्र्यांनी," मी म्हणालो.

"आणि नर?"

"तो दिसला नाही बरेच दिवस."

तिनं मान वर केली. खालच्या कोपऱ्यात, जिथून खुंट्या उपटल्या होत्या, तिथं ओळीनं भोकं होती. तिची नजर त्या ओळीवरून फिरून आक्कावर आली.

"आजी, तुम्ही बघितलं का कुत्र्यांना?"

आक्का पाटीजवळ बसली होती. वात तिच्या हातात तशीच राहिली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, "पाणी आणतो तुला, पोरी," म्हणाली आणि आत गेली. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलताना 'आणतो', 'जातो' असंच म्हणतात. ती बाहेर आलीच नाही. मुलगी थांबली, दाराकडं बघत राहिली. शेवटी वही मिटली, पाटी उचलून गाडीवर बांधली आणि निघताना मला म्हणाली, "काका, अशा तारांनी माणसं मरतात. एवढं तरी ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पिलू कोल्हापूरला डॉक्टरांपर्यंत पोचलं होतं, रात्र काढली, सकाळी गेलं. "फार अशक्त होतं," ती म्हणाली. "दोन दिवस आधी कळवलं असतं तर."

मी आक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडून झाले, डबा झाकला, मग म्हणाली, "मला पोरीकडं सोड."

पोरीकडं म्हणजे माझ्या मुलीकडं, कोल्हापूरला, मंगळवार पेठेत. आक्का तिच्याकडं वर्षा-दोन वर्षांतून चार दिवस जायची आणि तिसऱ्या दिवशी परत यायचं म्हणायची.

"किती दिवस राहणार?"

"सोड म्हणतोय न्हवं."

"आक्का, तार मी काढली आहे. तुझ्यासमोर काढली."

"तारंचं न्हाई," ती म्हणाली. "जन्मात मी कधी खोटं बोललो न्हवतो. तुझ्यापायी बोललो."

"तू कुठं बोललीस? तू तर काहीच बोलली नाहीस."

"गप बसलो. तेच की ते."

एक पिशवी, पाणी गाळायचं फडकं आणि जपमाळ एवढंच तिनं घेतलं. एसटीत ती खिडकीशी बसली आणि कोल्हापूर येईपर्यंत जपमाळ ओढत राहिली. मी मनात म्हणत होतो, पंधरा दिवसांत हिला घराची ओढ लागेल. पन्नास वर्षं ती त्या रानात राहिली होती.

ती आली नाही. मी महिन्यातून एकदा जायचो. ती पिकाचं विचारायची, बायकोच्या गुडघ्यांचं विचारायची. कोल्ह्याचं कधीच नाही. म्हणजे तिला वाटत असणार की तो कुठंतरी निघून गेला, पिलांना टाकून. गुणाचा बाप तिच्या मनात असा पळपुटा झालेला, हे मला खायला लागलं.

भाद्रपदात पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं त्याची एकमेकांना माफी मागायची. त्या दिवशी मी कोल्हापूरला गेलो. मुलीच्या घरी माणसं येत-जात होती, हात जोडत होती, "उत्तम क्षमा" म्हणत होती. आक्काही सगळ्यांना हात जोडत होती. गर्दी ओसरल्यावर ती स्वयंपाकघरात एकटी होती. मी जाऊन तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. वरची कडा, पाच पहाटा, करंज, तो चहा, सगळं. पोट भरलेलं होतं तेही.

तिनं ऐकून घेतलं.

"खोल पुरलास?" तिनं विचारलं.

"व्हय."

"कुत्र्यांनी उकरला न्हाई?"

"नाही. दगड घातले होते."

"मग बरं."

मी हात जोडले. म्हणालो, "आक्का, मला माफ कर."

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. राग असता तर मी झेलला असता. तिच्या चेहऱ्यावर नुसता थकवा होता.

"माझ्याकडं कशापायी मागतोस?" ती म्हणाली. "मी काय कोल्हीण हाय?"

मग ओट्याला धरून उठली आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ताटं मांडायला लागली. माझंही ताट मांडलं. तिच्यासमोर उठता येईना, म्हणून खाल्लं.

त्यानंतर एकदा मी वनखात्याच्या कार्यालयात गेलो होतो. त्या मुलीला खरं सांगावं, काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून. बाकावर बसून राहिलो. तिची बदली झाल्याचं कळलं. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "पावणं, काय काम होतं?" मी म्हणालो, "काही नाही," आणि परत आलो. एवढंच माझं धाडस.

आता आमच्या रानात कोल्हे नाहीत. पलीकडच्या रानातही ऐकू येत नाहीत. शेजाऱ्याची तार चालूच आहे, आणि त्याला सांगायचं तर कोणत्या तोंडानं? घुशींनी बांध पोखरून ठेवलेत, उंदरांनी ऊस बुडाशी कुरतडलाय, उभे ऊस वाऱ्याशिवाय आडवे होतात. डुकरं येतात ती येतातच. उंदरांना औषध टाकलं, तर त्यानं मेलेले उंदीर खाऊन दोन घुबडं मेली. आता मी काहीच टाकत नाही. भुईमूग, मका बंद केला. सगळा ऊस आहे, तोही मी नुसता बघतो. संध्याकाळी घरात दिवा लावून बसतो. बायको म्हणते गावात येऊन राहा. जातो म्हणतो.

मागच्या महिन्यात आक्काकडं गेलो तेव्हा पिशवीत रानातलंच थोडं नेलं होतं: चार शेवग्याच्या शेंगा, लिंबं, बांधावरची तूर. तिला त्या तुरीची आमटी फार आवडायची. मुलीनं दारातच पिशवी घेतली आणि मला बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, एक सांगू? आत्यानं नियम घेतलाय. तुम्ही आणता त्यातलं ती काही खात नाही. त्या रानातलं काहीच नाही."

"कधीपासून?"

"आल्यापासून. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

आतून आक्का विचारत होती, "कोण आलंय गं? तम्मा काय?"

मुलीनं पिशवी खालच्या मजल्यावरच्या बाईंना नेऊन दिली. मी चप्पल काढली आणि आत गेलो.